दोन किल्ल्यांची पद्धत

९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तू ते शोधायला पत्र उलटंपालटं करशील.

माझ्याकडे चोरी झाली. दिवसाढवळ्या, मी दुकानात असताना. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि ही काही ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही.

चोर मागच्या दाराने आला. दार फोडलं असं म्हणायचीही सोय नाही. कडीचा कोयंडा एकाच स्क्रूवर लोंबत होता, त्याने नुसता खांदा लावला असेल. दादा, मी सकाळभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना विचारत असते, "खालची ओळ दिसते का? आता? आणि आता?" आणि माझ्याच स्वयंपाकघरातला तो स्क्रू मला कित्येक महिने दिसला नाही. मालकांना हे सांगितलं तर ते मला काउंटरवरून उठवून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवतील.

त्याने मिक्सर नेला, भिंतीवरचं घड्याळ नेलं, यांचा जुना कॅमेरा नेला, आणि हे सगळं माझ्याच चाकांच्या बॅगेत भरून नेलं. वर समोरच्या बेकरीवालीने त्याला फाटक उघडून धरलं! तिला वाटलं माझ्याकडचा पाहुणा परत निघालाय. "सावकाश जा हो," असंही म्हणाली. तो म्हणाला, "येतो मावशी." तेव्हापासून ती रोज डोळे पुसत मला गरम पाव आणून देते. चोरीने घर रिकामं झालं आणि मी जाड व्हायला लागले.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. तुझा भाचा गेलं वर्षभर माझ्या मागे लागलाय, की घर भाड्याने दे आणि माझ्याकडे राहायला ये. मागे मी पायरीवरून घसरले तेव्हा त्याने माझे कपडे भरायलाच घेतले होते. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येतोय. चोरीचं कळलं तर मला उचलूनच नेईल, आणि या वेळी नाही म्हणायला मला तोंड उरणार नाही. मला जायचं नाही, दादा. त्याचं घर छान आहे, सून तर माझ्या मुलापेक्षा चांगली आहे, पण तिथे मी सकाळी चहा ठेवू का असं विचारून ठेवते. इथे मी कोणाला विचारत नाही. या वयात एवढी एकच चैन उरली आहे.

तुझं बरं आहे. तू जुनं घर विकून नवं मोठं घेतलंस आणि लेक-जावयालाच आपल्याकडे बोलावलंस. तू मालक, ते तुझ्या छपराखाली. माझं उलटं व्हायची वेळ आली आहे.

तर तू जन्मभर तिजोऱ्यांच्या कारखान्यात दारं तपासलीस, घराण्यातला एकुलता एक तज्ज्ञ. बेताच्या पैशांत काय करता येईल ते लिही. जाहिरातीतले अलार्म आणि कॅमेरे नकोत, ते विकत घ्यायचे तर आधी मलाच चोरी करावी लागेल.

तुझी,
आंधळी चष्मेवाली


१३ नोव्हेंबर

ठमे,

पत्र वाचून आधी घाबरलो, मग हसलो, मग हसल्याची लाज वाटली. बेकरीवालीच्या जागी मी असतो तर चोराला बॅग उचलू लागलो असतो, तेव्हा तिला जास्त बोलू नकोस.

तज्ज्ञ म्हणालीस आणि माझी छाती फुगली. तशी ती फुगायची सवय जुनी आहे. एकदा कारखान्यात पाहुण्यांना नवी तिजोरी दाखवताना मी स्वतः आत शिरलो आणि म्हणालो, "पाहा, दार लावलं की आतला आवाजसुद्धा बाहेर येत नाही." कोणीतरी दार लावलं. आवाज खरंच बाहेर आला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाला निघून गेले. मला काढायचं सगळ्यांच्या चहानंतर लक्षात आलं. असा हा तुझा तज्ज्ञ.

तरी कामाचं सांगतो. कोयंड्याचे स्क्रू बदल. बोटभर लांबीचे घे, चौकटीच्या लाकडात खोल शिरले पाहिजेत. कुलूप कोणी तोडत बसत नाही, कोयंडा उपटतात. बिजागऱ्यांनाही तेच स्क्रू लाव. मागच्या दाराला आतून आडवा अडसर घाल, जुन्या पलंगाची पट्टी असेल तर तीही चालेल. स्टीलची दोन भांडी दाराच्या मुठीवर अशी ठेव की मूठ हलली की खाली पडावीत. जुन्या बाजारातून मोठ्या मापाचे पुरुषी बूट आण आणि पुढच्या दाराशी ठेव. दुकानात जाताना रेडिओ चालू ठेवून जा. एवढ्याला फार खर्च येत नाही. चोराला घरात माणूस आहे अशी शंका आली की तो पुढच्या घराकडे वळतो.

माझ्याकडची व्यवस्था एकदा बघायला ये. आधी लोखंडी जाळीचं दार, त्याच्या मागे लाकडी, दोन्हीला कुलपं. जावई या बाबतीत माझाही गुरू निघाला. आमच्याकडे विचारल्याशिवाय मुंगी इकडची तिकडे होत नाही.

भाच्याला चोरीचा पत्ता लागू देऊ नकोस. आणि काही झालं तरी घर सोडायचं नाही. मी एरवी तुला फार आग्रह करत नाही, पण हे मात्र ऐक.

पत्र पोस्टात पडायला उशीर होतो. गुडघा दुखतो, चालवत नाही.

तुझा,
तिजोरीतला दादा


२० नोव्हेंबर

दादा,

तुझा सल्ला तंतोतंत पाळला. आता परिणाम ऐक.

स्क्रू आणले. सुतार बोलावला असता, पण तो दोन स्क्रूंसाठी यायला नखरे करतो, म्हणून मीच बसले. पहिले दोन सुंदर गेले. तिसरा जाता जाईना, म्हणून साबण लावला, तरी जाईना, म्हणून हातोड्याने ठोकला. मग दार लागेना. मग तो काढला, तर दार उघडेना. शेवटी दुकानातले मालक स्वतः आले, त्यांच्या चिमुकल्या स्क्रूड्रायव्हरसकट, ज्याने आम्ही चष्म्याच्या दांड्या बसवतो. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, इतक्या काळजीने माझ्याकडे बघत होते.

पण आता कोयंडा हत्तीलाही उपटता येणार नाही. अडसरही बसला आहे.

भांड्यांचं सांगू नये ते सांगते. ती फक्त एकदाच पडली, मी स्वतः कचरा टाकायला दार उघडलं तेव्हा. मी एवढी दचकले की हातातला कचरा सगळा ओट्यावर. भांड्यांनी चोर पकडला असं धरायचं असेल तर तो चोर मी होते.

आता बूट. जुन्या बाजारात मला एक जोड मिळाला, एवढा मोठा की त्यात मांजर झोपेल. दाराशी ठेवला. दुसऱ्या दिवशी पेपरवाला आदबीने म्हणाला, "साहेब कोणता पेपर वाचतात?" तिसऱ्या दिवशी बेकरीवालीने पावाची संख्या दुप्पट केली आणि काही न विचारता माझ्याकडे बघून हसली. साहेबांची बातमी दुकानातही पोचली, तिथल्या मुलींनी मला बसायला खुर्ची दिली. मी रागावून खुलासा करणार होते, पण खरं सांगू? यांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझ्याबद्दल कोणीतरी चार माणसांत कुजबुजतंय ही कल्पना इतकी काही वाईट वाटली नाही. दोन दिवस मी केस नीट विंचरून दुकानात गेले. मग स्वतःचंच हसू आलं आणि पेपरवाल्याला म्हटलं, साहेब वाचत नाहीत, नुसते उभे असतात.

रेडिओचं असं झालं की मी घाईत बटण फिरवलं आणि दिवसभर बाजारभाव चालू राहिले. शेजारचे म्हणाले, तुमच्या साहेबांना कांद्याच्या भावात फारच रस दिसतो.

एक गोष्ट मात्र अजून बाकी आहे. मागचं दार झालं, पण पुढच्या दाराचं कुलूप मलाच विश्वासाचं वाटत नाही. साधं आहे, आणि त्याची किल्ली मी कायम पर्समध्ये ठेवते, आणि पर्स मी कायम कुठेतरी विसरते. रविवार जवळ येतोय. रोज दुकानातून परत येताना मी फाटकाशी थांबते, दार लागलेलं दिसलं की मगच आत जाते. हे मी तुलाच लिहिते आहे.

तुझा गुडघा कसा आहे? एवढं चालवत नाही तर पत्र टाकायला जावयाला सांगत जा. एवढा मालक झालास, हुकूम सोडायला शिक.

तुझी,
साहेबांची बाई


२५ नोव्हेंबर

ठमे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बुटांपाशी हसलो. दुपारी घरात मी एकटाच असतो, भिंतींना वाटलं असेल म्हातारा गेला कामातून.

पुढच्या दाराचं आता लक्षपूर्वक वाच. ही गोष्ट कारखान्यात मी नव्या पोरांना शिकवायचो. मोठ्या तिजोरीला एक किल्ली कधीच नसते. दोन असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. एकाला धमकावून, फितवून, झोपवून उपयोग नाही. याला दोन किल्ल्यांची पद्धत म्हणतात, आणि ही पद्धत वापरलेली तिजोरी फुटल्याचं मी माझ्या नोकरीत ऐकलं नाही.

तर तू पुढच्या दाराला दुसरं एक कुलूप घाल. पहिल्याची किल्ली तुझ्याकडे, दुसऱ्याची बेकरीवालीकडे. तू एकटी दार उघडू शकणार नाहीस, म्हणजे तुझी पर्स सापडली तरी चोरही उघडू शकणार नाही. वर, तुझा पाहुणा म्हणून कोणालाही फाटक उघडून द्यायच्या आधी ती बाई विचार करेल. तिच्या मनाला लागलंय ना, तर तिला जबाबदारी दे. माणसाकडे एखादी किल्ली असली की ते ताठ चालतं, हे मी बघितलेलं आहे.

तू फाटकाशी थांबतेस ते कळलं. मला वाटतं, दार लागलेलं दिसलं की तू निर्धास्त होतेस, ही फार मोठी गोष्ट आहे. तुझं दार तुला बाहेरून दिसतं आणि तू आत जातेस. सांभाळून ठेव ते.

हुकूम सोडायचं म्हणतेस, तर जावयाला वेळ नसतो. पत्र जातं कसंतरी.

तुझा,
दादा


२९ नोव्हेंबर

दादा, कार्डावर एवढंच. पद्धत सुरू झाली. बेकरीवालीने किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली आहे आणि खरंच ताठ चालते. मी दुकानातून आले की हाक मारते, ती पिठाचे हात पुसत येते, आम्ही दोघी एकदम किल्ल्या फिरवतो. कालपासून बघायला माणसं थांबतात. मी आता बँक झाले आहे, फक्त आत काही नाही.


६ डिसेंबर

दादा,

भाचा रविवारी येणार होता. शुक्रवारीच आला, मला आश्चर्याचा धक्का द्यायला. धक्का सगळ्यांना बसला.

मी दुकानात होते. त्याने पुढच्या दाराला दोन कुलपं बघितली आणि लहानपणच्या सवयीने मागे वळला. मागचं दार खांदा लावला की उघडतं हे त्याला शाळेपासून माहीत आहे, म्हणजे चोराच्या आधीपासून. त्याने खांदा लावला. दार हललं नाही. पुन्हा लावला. आत माझी भांडी मात्र इमानाने पडली.

बेकरीवालीने समोरून बघितलं की चाकांची बॅग घेतलेला एक पुरुष माझ्या घरामागे वळला, आणि पाठोपाठ भांडी पडल्याचा आवाज आला. दादा, ती बाई एरवी माशी मारत नाही. भट्टीतून पाव काढायची ती लांब दांड्याची लाकडी फळी असते ना, ती घेऊन बाई धावली आणि माझ्या मुलाला छातीशी फळी लावून भिंतीला दाबून धरलं.

"मी मुलगा आहे त्यांचा!" तो ओरडला.

"गेल्या वेळचाही नातेवाईकच होता!" ती म्हणाली.

झालं. आपण एवढं जपलेलं गुपित तिने एका वाक्यात गल्लीत सांगून टाकलं. तोवर पेपरवाला आला, शेजारचे आले, सगळे गल्लीत अलीकडचे, त्याला ओळखणारं कोणी नाही, आणि सगळ्यांनी मिळून त्याला बेकरीच्या कोठीत पिठाच्या पोत्यांवर बसवलं आणि बाहेरून कडी घातली. एकाने त्याला पाणी दिलं, दुसऱ्याने विचारलं की तुझी आई चष्म्याच्या दुकानात काय करते ते सांग बघू. तो म्हणाला, चष्मे विकते. शेजारी म्हणाले, हे तर चोरालाही माहीत असणार.

मी आले तेव्हा माझा मोठ्या हुद्द्यावरचा मुलगा पायापासून केसांपर्यंत पांढरा होऊन पोत्यावर बसला होता. मला हसू आलं आणि मी ते आवरलं नाही, हे मी कबूल करते. बेकरीवालीला कळलं तेव्हा ती पदराने त्याच्या केसांतलं पीठ झटकायला लागली. पण घरात जाता येईना, कारण नेमकी त्या दिवशी तिची किल्ली नवऱ्याने गळ्यातून मागून घेतली होती. त्यालाही एकदा ताठ चालून बघायचं होतं. तो पाव पोचवायला गेलेला. तर तो येईपर्यंत आम्ही मायलेक पोत्यांवर बसलो.

"आई, हे काय आहे सगळं?"

"सुरक्षा," मी म्हटलं.

"दोन कुलपं, दोन किल्ल्या, दुसरी किल्ली बेकरीत. कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"तुझ्या मामाच्या."

तो हसला. कपड्यांवरचं पीठ झटकत म्हणाला, "मामाच्या? मामाला स्वतःच्या दाराची एक किल्ली तरी आहे का?"

मला कळेना. मग त्याने सांगितलं. मागच्या महिन्यात कामासाठी तुमच्या शहरात आला होता, दुपारी तुला भेटायला आला. तू जाळीच्या आत होतास. जाळीच्या आतूनच बोललास, आतूनच खुशाली विचारलीस, आणि चहा पाजता येत नाही म्हणून तीनदा माफी मागितलीस.

"ताई सकाळी निघताना बाहेरून कुलूप लावते आणि संध्याकाळी येऊन उघडते," तो म्हणाला. "घर तिच्या आणि भावजींच्या नावावर आहे. मामाने जुनं घर विकून पैसे त्यात घातले, मामाची खाट हॉलमध्ये असते. पण बघ ना आई, तो सुरक्षित आहे. चोर नाही, पडणं नाही, हरवणं नाही. कोणालाच काळजी नाही. तुझंसुद्धा असंच..."

आणि तो थांबला. आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. बोटाने पोत्यावर रेघा मारत बसला. तेवढ्यात बेकरीवालीचा नवरा आला, ताठ चालत.

दोन दिवस राहिला. मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना राहिलेले स्क्रू त्याने स्वतः बसवले. बॅग भरायची गोष्ट काढली नाही. निघताना बेकरीवालीच्या पाया पडला आणि तिला आपला फोन नंबर देऊन म्हणाला, "काही वाटलं तर मला सांगा, आणि पुढच्या वेळी जरा हळू दाबा." मी राहिले, दादा. माझ्या घरात राहिले.

पण तुझं काय? इतके दिवस तू मला कुलपं शिकवत होतास आणि स्वतः कुलपाच्या आत बसला होतास. मी तुला मालक म्हणत होते, हुकूम सोड म्हणत होते. माझी मलाच इतकी शरम वाटते की काय लिहू. आणि रागही येतो. तू मला खोटं लिहिलंस. गुडघ्याला काय झालंय? खरं काय ते लिही. विनोद नको.

तुझी बहीण


१२ डिसेंबर

ठमे,

विनोद नको म्हणालीस, म्हणजे माझं अर्धं भांडवल गेलं. तरी लिहितो.

गुडघ्याला काहीही झालेलं नाही. पत्रं मी जाळीतून जिना झाडणाऱ्या बाईंना देतो, त्या ज्या दिवशी पोस्टावरून जातात त्या दिवशी ती पडतात.

भाच्याने सांगितलं ते खरं आहे, पण पोरीला वाईट समजू नकोस. झालं असं की इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी खाली फिरायला गेलो. इथल्या इमारती सगळ्या एकसारख्या. परत येताना मी शेजारच्या इमारतीत शिरलो, त्याच मजल्यावर चढलो, त्याच बाजूच्या दाराला किल्ली लावली. लागेना. मला वाटलं लॅच बिघडलं. मी गुडघ्यावर बसून, डोळा लावून, खिशातल्या पिनेने ते कुलूप दुरुस्त करायला लागलो. आतल्या बाईंनी आरडाओरडा केला. रखवालदाराने माझी मानगूट धरली. जन्मभर चोरांपासून दारं वाचवली आणि भर दुपारी पिनेने कुलूप उघडताना पकडला गेलो मीच. त्यात कुलूप जवळजवळ उघडलं होतं, याचा मला तेव्हाही थोडा अभिमान वाटला. हा विनोद नाही, असंच झालं.

पोरगी ऑफिसातून धावत आली. रात्रभर रडली. "बाबा, तुम्हाला काही झालं असतं तर?" तिने माझी किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली. ती रडली की मला काही सुचत नाही. मी म्हणालो, ठेव. वाटलं, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

नंतर मागितली नाही. रोज सकाळी ती चपला घालते तेव्हा मागायचं ठरवतो. पण मागितली आणि ती नाही म्हणाली, तर मग हे घर माझं नाही हे नक्की होईल. न मागता निदान थोडी शंका ठेवता येते. तुला मालक असल्याचं लिहायचो ते त्यामुळेच. तुझ्या पत्रात तरी मी मालक असावा असं वाटायचं.

कुलूप लागल्याचा आवाज मला नुसता ऐकून कळतो, कोणत्या बनावटीचं आहे, किती फेरे आहेत. हे चांगलं कुलूप आहे. मी तपासलं असतं तर पासच केलं असतं.

तुझं दार आलं म्हणून माझ्या दुपारी बऱ्या गेल्या. स्क्रू किती लांब, अडसर कुठे, याचा विचार करत बसायचो. तू घरात राहिलीस हे वाचून मी खरंच रडलो. आता तुझ्या खिडक्यांचं काही असेल तर विचार.

तुझा,
दादा


१७ डिसेंबर

दादा,

खिडक्यांचं खूप काही आहे, पण ते पत्राने सुटणार नाही.

मी तुझ्या लेकीला फोन केला. रागावायचं ठरवून केला होता, दुकानात आरशासमोर वाक्यं म्हणूनही बघितली होती. मालकांना वाटलं मी गिऱ्हाइकाशी भांडतेय. पण पोरगी म्हणाली, "आत्या, ऑफिसात फोन वाजला की दर वेळी मला वाटतं बाबांचंच काहीतरी असेल," आणि रडायला लागली. मग मीही रडले. माझी सगळी तयारी वाया गेली. शेवटी एवढंच म्हणू शकले, की पोरी, भीती तुला वाटते, मग कुलूप त्याला का? ती म्हणाली, "ते माझ्यावर रागावलेत का?" मी म्हटलं, रागावता आलं असतं तर त्याने किल्ली मागितली असती.

तर ठरलं असं आहे. येत्या रविवारी भाचा गाडी घेऊन तुला न्यायला येतोय. ही त्याचीच कल्पना आहे, मी सुचवलेली नाही. पोरगी तुझे कपडे भरून ठेवेल. महिनाभर जातोय असं तिला सांगितलंय. महिना केवढा मोठा असतो ते आपण दोघं मिळून ठरवू. ती दर पंधरा दिवसांनी येणार आहे, ती आली की तिला तू चहा करून द्यायचास, न विचारता.

तू गॅस विसरशील अशी तिला काळजी आहे. मी तिला सांगितलं नाही की मी स्वतः मागच्या आठवड्यात गॅसवर दूध तसंच विसरून दुकानात निघून गेले होते. दोघांपैकी एकाला तरी आठवेल. गल्लीत घरं एकसारखी आहेत, पण बेकरी एकच आहे, तिच्या अगदी समोर आपलं दार. रस्ता चुकलास तर वासावर ये.

दोन किल्ल्यांची पद्धत मी मोडीत काढली. बेकरीवाली फार हळहळली, तिला मी फाटकाची किल्ली दिली, फाटकाला कुलूप कधी लावत नाही तरी, तिचं चालणं बिघडू नये म्हणून. पुढच्या दाराला आता एकच कुलूप आहे, चांगलं, भाच्याने बसवून दिलेलं. त्याची एक किल्ली माझ्याकडे आहे. दुसरी या पाकिटात चिकटपट्टीने लावली आहे, नीट काढ. पाकीट रजिस्टर करून पोरीच्या ऑफिसात पाठवतेय, तिला सांगितलंय की ते न उघडता तुझ्या हातात द्यायचं.

भाचा तुला फाटकाशी सोडेल आणि मला घ्यायला दुकानात येईल. रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं, आणि मी मुद्दाम सुट्टी घेतलेली नाही. मी घरी नसेन, दार उघडायला कोणी नसेल. बेकरीवाली मात्र नक्की धावत येईल, तिला आता कोणाचाच भरवसा उरलेला नाही. तिने विचारलं कोण तुम्ही, तर पाहुणा म्हणून सांगू नकोस. इथे राहतो म्हण, आणि कुलूप उघडून आत जा.

तुझी,
ठमी